घाई न करणारे गाव



पुढच्या पिढीसाठी समाजात पालट कसा घडवावा, या विषयावर बोला असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी जरा बिचकलोच. विषय थोर, वेळ थोडा. आणि असल्या विषयावर माणूस बोलू लागला की हां हां म्हणता उपदेशाच्या वाटेला लागतो. माझा तर जन्म मास्तरकीत गेला. उपदेशाची खोड आमच्या अंगी आधीच पक्की. तेव्हा म्हटले, उपदेश नकोच. आपल्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखातल्या, दोनतीन खऱ्या हकिगती सांगाव्या आणि उठावे.

पण हकिगतीआधी बांबूविषयी दोन शब्द. आपल्याकडचा मानवेल बांबू सर्वांच्या ओळखीचा. पावसाळ्यात बेटातून कोवळे कोंब वर येतात. त्यांना आपण वास्ते म्हणतो आणि त्यांची भाजीही करतो. हा कोंब दोनतीन महिन्यांत आपली पुरी उंची गाठतो. बघणाऱ्याला वाटते, काय झपाट्याने वाढला! पण तो उंच झाला तरी आत कच्चाच असतो. पक्का व्हायला त्याला तीनेक वर्षे लागतात. शिवाय नवा कोंब उभा राहतो तो शेजारच्या जुन्या बांबूंच्या आधाराने. म्हणून जाणता माणूस बेट तोडतो तेव्हा चालू सालचा बांबू तोडत नाही, आणि जुन्यापैकीही काही राखून ठेवतो. सगळे एकदम तोडले तर पैसा या वर्षी भरपूर येतो, आणि मग बेट बसते. आणखी एक गंमत अशी की तीस-चाळीस वर्षांनी हा बांबू एकदाच फुलतो, बी टाकतो आणि वाळून जातो. त्या बियांपासून उठलेले बेट तोडण्याजोगे व्हायला पुन्हा आठ-दहा वर्षे. तेव्हा बांबूचा हिशेब करायचा तर तो एका माणसाच्या हयातीत नीट बसत नाही. मुलाला सोबत घेऊनच करावा लागतो.

आता ज्या गावाची गोष्ट सांगायची त्याचे नाव मेंढा. लेखा या गावाशेजारी असल्यामुळे लोक मेंढा-लेखा असे जोडनाव घेतात. गडचिरोलीहून धानोऱ्याला जाणाऱ्या सडकेवर, धानोरा तीनेक किलोमीटर उरला की हे गाव लागते. जवळून कठाणी नदी वाहते. शंभराच्या आसपास घरे, वस्ती गोंडांची. बांध्यांत धान पिकवायचे, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता वेचायचा, आणि उरलेल्या गरजा जंगलातून भागवायच्या, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. बाहेरून पाहणाऱ्याला या गावात वेगळे काही दिसत नाही. मला पहिल्यांदा दिसले नव्हते.

गोष्टीची सुरुवात १९८४ च्या सुमाराची. गोदावरीवर इंचमपल्लीला आणि इंद्रावतीवर भोपालपटनमला मोठी धरणे व्हायची होती. त्यात जंगल बुडणार, गावे बुडणार. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा निघून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. बाबा आमटे, लालश्यामशहा महाराज वगैरे मंडळींनी 'जंगल बचाव, मानव बचाव' अशी हाक दिली, आणि आदिवासी हजारोंनी चालत निघाले. पुढे ती धरणे बाजूला पडली. पुष्कळ ठिकाणी असे होते की मोर्चा संपतो, लोक घरी जातात, आणि घरी गेल्यावर पूर्वीसारखेच वागू लागतात. मेंढ्याच्या लोकांनी मात्र मोर्चाहून परतताना एक प्रश्न सोबत आणला. जंगल वाचवा असे आपण ओरडलो खरे. पण आपल्या शिवाराला लागून जे जंगल आहे, ते आपले की कोणाचे?

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नव्हता. जमीनदारीच्या काळी गावाला लाकूडफाटा, चराई, बांबू यांचे निस्तार हक्क होते. १९५० नंतर जमीनदाऱ्या गेल्या, जंगल सरकारचे झाले. हक्क कागदावर राहिले, पण व्यवहारात माणूस घराला लागणारी बल्ली आणायला गेला तरी चोर ठरू लागला. आणि त्याच जंगलातून कागदाच्या कारखान्याचे ट्रक बांबू भरून जात होते, ते कायदेशीर! गावच्या माणसाला हे गणित सुटेना यात नवल नाही. मलाही ते कधी सुटले नाही.

त्या सुमारास गावाने आपले गोटूल नव्याने बांधायचे ठरवले. गोटूल म्हणजे गोंड गावाचे सामायिक घर. पोरांचे शिकण्याचे आणि मोठ्यांच्या बैठकीचेही. त्यासाठी गावच्या जंगलातून सागवान आणले. परवानगी काढली नाही. वनखात्याने पोलीस आणून ते गोटूल मोडले, लाकूड नेले. श्रोतेहो, अशा वेळी मनुष्य दोनपैकी एक करतो. एक तर मान खाली घालतो, नाहीतर दगड उचलतो. याच जंगलात त्याच वर्षांत तिसऱ्या एका वाटेने बंदूकही येत होती. ज्यांना घाई होती ते त्या वाटेला गेले. त्यातली किती पोरे परत आली आणि दोन्ही बाजूंनी किती घरे उजाड झाली, हे या भागातल्या प्रत्येक शिक्षकाला आपल्या हजेरीपटावरून सांगता येईल. मेंढ्याने यातले काहीच केले नाही. आसपासच्या गावांशी बोलणी केली, लोकांनी पाठ दिली, गोटूल पुन्हा उभे राहिले. नुसते त्या गावातच नव्हे, शेजारच्या काही गावांतही.

याच काळात मोहन हिराबाई हिरालाल या नावाचे एक गृहस्थ गावात येऊ लागले. (आईचे नाव आधी आणि वडिलांचे मागून, असे नाव लावणारा माणूस त्या काळी आमच्या भागात नवलाचाच होता.) ते जयप्रकाशजींच्या चळवळीतून आलेले, चंद्रपुरात 'वृक्षमित्र' नावाची संस्था चालवणारे. बाहेरचा शिकलेला माणूस गावात आला की बहुधा सांगायला येतो. हे विचारायला आले. गावातले देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती यांच्याबरोबर बसून त्यांनी अभ्यास गट सुरू केला. म्हणजे काय, तर निर्णय घ्यायचा नाही, नुसता विषय समजून घ्यायचा. जंगलाचा कायदा काय म्हणतो? निस्तारपत्रक कोठे मिळते? मोहाला बहर कमी का येतो? माहितगाराला बोलवायचे, त्याला प्रश्न विचारायचे, वाद घालायचा. निर्णयाची जागा वेगळी. ती ग्रामसभेची.

आणि ग्रामसभेचा नियम असा की मते मोजायची नाहीत. सर्वांचे एकमत होईपर्यंत निर्णय नाही. एक म्हातारा जरी म्हणाला, "मले हे पटत नाही", तरी विषय पुढच्या बैठकीला. आपल्याला वाटेल, असे कधी काम होते का? मलाही असेच वाटले होते. मी शाळेत दहा मिनिटांत वर्गाचा मॉनिटर निवडून मोकळा होणारा माणूस! दारूचाच विषय घ्या. गावातल्या दारूमुळे बायकांच्या डोक्याला ताप होता. दारू बंद करायची, हा विचार निघाला तेव्हा सगळ्यांचे एकमत व्हायला जवळजवळ वर्ष लागले. वर्षभर तोच विषय, त्याच बैठका. पण त्या वर्षाने दुसरे एक काम करून टाकले, जे कोणी ठरवले नव्हते. दारूवर बोलायचे तर बाईला बोलू द्यावेच लागते. बायका बैठकीला येऊन बसू लागल्या, बोलू लागल्या, आणि पुन्हा उठून गेल्या नाहीत. मते मोजून एका संध्याकाळी निर्णय घेतला असता तर हरलेल्यांनी दुसऱ्या दिवशी रानात भट्टी लावली असती.

मधाचीही अशीच गोष्ट. आग्या मोहोळ उतरवायचे तर पेटती मशाल लावायची, माश्या जाळायच्या आणि पोळे तोडून आणायचे, ही जुनी रीत. अभ्यास गटात हा विषय निघाला. माश्या जाळल्या तर पुढच्या साली मध कोठून, आणि फुलांचे फळ तरी कसे धरणार? माहितगार बोलावले, रात्री झाडावर चढून पाहिले, पोळ्याचा नुसता मधाचा भाग कापून घ्यायचा आणि अंड्या-पिलांचा भाग तसाच ठेवायचा, अशी रीत बसवली. या कामाला पैसा फारसा लागला नाही. पण वेळ किती लागला असेल, याचा विचार करा.

आता मुख्य लढा. कागद कारखान्याची बांबूतोड गावाने सत्याग्रहाने थांबवली. मग १९९२ साली राज्यात संयुक्त वनव्यवस्थापनाची योजना आली. ती होती उजाड जंगलांसाठी. ज्यांनी जंगल राखले त्यांना काही नाही आणि ज्यांचे उजाड झाले त्यांना योजना, असा हा प्रकार. मेंढ्याने अर्जावर अर्ज करून आपले उभे जंगल त्यात घ्यायला लावले. पुढे २००६ साली वनहक्क कायदा झाला, २००८ पासून त्याचे काम सुरू झाले, आणि त्यात गावाच्या सामूहिक हक्काची तरतूद आली. पुष्कळ गावांना तो कायदा कळायलाच काही वर्षे गेली. मेंढ्याला मात्र वाट पाहावी लागली नाही. वीस वर्षांचा अभ्यास झाला होता, जंगलाच्या सीमा माहीत होत्या, जुने कागद गाठोड्यात बांधून ठेवलेले होते. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा आणि त्याच जिल्ह्यातले मर्दा ही दोन गावे होती.

तुम्ही म्हणाल, चला, झाले एकदाचे. झाले नव्हते! हक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना पाहिजे, आणि तो देणार वनखाते. बांबू हे गवत की झाड, यावर दोन वर्षे वाद चालला. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात बांबू गवताच्या कुळातला आहे, हे सातवीच्या पोराला माहीत. पण जंगलाच्या जुन्या कायद्यात तो झाड होता. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि राज्याचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतर गावाने आपला बांबू आपण लिलावात काढला, आणि उत्पन्न कोटीच्या घरात गेले. ग्रामसभेने पॅन कार्ड काढले. ज्या माणसाला एका बल्लीपायी चोर म्हटले होते त्याच्या नातवाची ग्रामसभा आयकर खात्याशी हिशेब करू लागली.

हिशेब करून पाहा. गोटूल मोडले तेव्हापासून परवाना हाती येईपर्यंत पाव शतक गेले. पहिल्या बैठकांना जी जाणती मंडळी बसत होती त्यांतली कितीतरी हा दिवस पाहायला राहिली नव्हती. आणि गाव तरी कोठे थांबले? २०१३ मध्ये ग्रामसभेने पुन्हा एकमताने ठरवले की आपापली शेतजमीनही गावाच्या नावे करायची. १९६४ चा महाराष्ट्र ग्रामदान कायदा तेव्हा बहुतेक सगळे विसरून गेले होते. विनोबाजींच्या भूदानाचे आणि ग्रामदानाचे दिवस मागे पडले, अशीच आमची समजूत. त्या कायद्यात जमिनीची मालकी ग्रामसभेची होते, कसणारा कसतच राहतो, पण ती बाहेर विकता येत नाही, आणि विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी निघतो. म्हणजे आजच्या पिढीने स्वतःचा हात बांधून घ्यायचा, कशासाठी, तर नातवाच्या पायाखालची जमीन जाऊ नये म्हणून. या निर्णयाला सरकारदरबारी लागलेली वर्षे निराळी. त्याचे गाऱ्हाणे येथे नको.

मला या गावाचे नुसते कौतुक करायचे नाही. एकमताच्या रीतीत एक धोका आहेच. गावातला गरीब माणूस भिडेपायी गप्प बसला तर त्याचे गप्प बसणे हे 'एकमत' म्हणून लिहिले जाऊ शकते. मेंढ्याला हे साधले, कारण गाव लहान, एकाच जमातीचे, आणि बोलण्याची सवय आधी लागली, निर्णय मागून आले. पंचवीस जातींच्या मोठ्या गावात हेच जसेच्या तसे लागू करू म्हटले तर फजिती होईल, असे माझे मत आहे. पण गडचिरोली जिल्ह्यात आज हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, आणि तेथे तेंदूपत्त्याचा नाही तर बांबूचा लिलाव करायला बसलेली ग्रामसभा पाहिली की मेंढ्याची आठवण येतेच.

आता दुसरी हकिगत, थोडक्यात. धानोऱ्याच्याच सडकेवर चातगावजवळ शोधग्राम आहे. डॉक्टर राणी बंग आणि अभय बंग हे दांपत्य १९८६ साली गडचिरोलीत आले. त्यांनी दवाखाना बांधण्याआधी लोकांना विचारले, कसा पाहिजे? पांढऱ्या भिंतींच्या मोठ्या इमारतीची लोकांना भीती वाटे. म्हणून दवाखाना गावासारखा झाला, झोपड्यांचा. रोग्याजवळ नातेवाइकांना राहता येईल असा. आणि त्याला नाव दिले दंतेश्वरी देवीचे. पण माझ्या मनाला भिडते ते त्यांचे मोजण्याचे काम. त्यांनी गावोगाव जन्म-मृत्यू मोजायला सुरुवात केली. १९८८ च्या सुमारास त्या गावांत हजार मुले जन्मली तर १२१ पहिल्या वर्षाच्या आत दगावत. दरवाजादरवाजाशी जाऊन नोंद करायची, आणि वर्षे गेली तरी नोंदच करायची! अनेक शहाण्यांना हा वेळेचा अपव्यय वाटला असेल. पण त्याच नोंदींतून कळले की तान्ही मुले बहुतेक पहिल्या महिन्यातच जातात, आणि ती घरातच जातात. दवाखाना तेथवर पोचतच नाही.

मग गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. तान्ह्याचे वजन कसे घ्यायचे, अंग गार पडू लागले तर काय करायचे, श्वास कसा मोजायचा, जंतुदोषाची लक्षणे कोणती, आणि वेळ पडली तर इंजेक्शन कसे द्यायचे. १९९५ च्या सुमारास ३९ गावांत हे काम उभे राहिले. गावच्या बाईच्या हाती इंजेक्शन, हे ऐकून मोठमोठ्या डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय पत्रात निकाल छापून आला, की त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. पुढे बालमृत्यूचे प्रमाण १२१ वरून ३० च्या आसपास उतरले, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई याच धर्तीवर घरी जाऊन तान्ह्याची तपासणी करू लागल्या. तुमच्या गावात आशाताई वजनकाट्याची पिशवी घेऊन बाळंतिणीच्या घरी जाताना दिसते ना, तिची वाट चातगावच्या रानातून निघाली आहे. जी मुले त्या पहिल्या वर्षांत वाचली ती आज तिशीच्या घरात आहेत. त्यांना आपण वाचलो हे ठाऊकही नाही. ज्या बाईने रात्री कंदील घेऊन त्यांचा श्वास मोजला, तिचे नाव कुठे छापून आले नाही.

भामरागडकडची हेमलकशाची हकिगत तुम्हाला ठाऊक आहे. लोकबिरादरी प्रकल्प १९७३ च्या डिसेंबरात सुरू झाला. डॉक्टर प्रकाश आमटे आणि मंदाकिनी आमटे रानात जाऊन बसले तर माडिया लोक जवळच येईनात. औषध तयार, डॉक्टर तयार, रोगी नाही! त्यांनी माडिया बोली शिकून घेतली आणि थांबले. हळूहळू एकेक रोगी येऊ लागला. बरा झालेल्याने दुसऱ्याला आणले. १९७६ साली शाळा काढली. त्या शाळेतली पोरे पुढे शिकली आणि आपल्याच मुलखात कामाला लागली. अधिक सांगत नाही. यावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, जाता जाता एक घरचीच गोष्ट सांगतो. माझी बदली एका लहानशा गावी झाली होती. दर पावसाळ्यात वनमहोत्सव यायचा, आणि आम्ही शाळेच्या आवारात झाडे लावायचो. अहवालात संख्या भरायचो. दुसऱ्या वर्षी पाहावे तर रोप नाही, खड्डा मात्र तयार! मग त्याच खड्ड्यात पुन्हा झाड. असे चार वर्षे चालले. कागदावर माझ्या शाळेच्या आवारात एव्हाना राई झाली होती. एके दिवशी कुंपणाशी बसलेले एक म्हातारबाबा हसले. म्हणाले, "गुरुजी, नवं कशाले लावता दरसाल? थो मोहाचा खुंट हाय ना तिकडं, त्याले फुटवा आला हाय. त्याले तं राखा."

खरेच, आवाराच्या कोपऱ्यात कोणी तरी केव्हा तरी तोडलेल्या मोहाचे खोड होते, आणि त्याला बाजूने फुटवे आले होते. दरसाल ते बकऱ्या खाऊन टाकीत. म्हाताऱ्याने त्यातले दोन सरळ फुटवे राखले, बाकीचे छाटले, आणि पोरांकडून बोरीच्या काट्यांचे कुंपण घालवले. झाड लावलेच नाही, त्यामुळे अहवालात काही लिहिता येईना. तपासणीला साहेब आले तेव्हा ते काटे पाहून म्हणाले, हा कचरा येथे कशाला? मी म्हटले, राहू द्या.

मुलांनी पाळी लावून घेतली. दरसाल दिवाळीनंतर कुंपण नवे करायचे. सातवीची पोरे जाताना पाचवीच्या पोरांना काम सोपवून जात. माझी बदली झाली, म्हातारबाबा गेले, आणि मीही ते विसरलो. गेल्या फाल्गुनात एका लग्नाच्या निमित्ताने त्या गावी जाणे झाले. पहाटे शाळेकडे फिरत गेलो, तर आवारात मोहाखाली पालापाचोळा झाडून जागा स्वच्छ केलेली, आणि चारपाच लेकरे टोपल्या घेऊन फुले वेचत होती. त्यातल्या एका पोरीला मी विचारले, "कोणाचं झाड गं हे?"

ती मान वर न करता म्हणाली, "शाळेचं. माह्या बाबाची पाळी होती याच्या कुपाची."